दाराजवळची जागा

हळर्ण,
४ मे, रविवार

ताईस,

गौरेशचा वाकून नमस्कार. आम्ही इथे बरे आहोत, तुम्ही मायलेकी तिथे सर्वणला बऱ्या असाल. तुझा गुडघा काय म्हणतो? तुझ्या भावजयीने, ऋतिकाने, अंगणात आंब्याची साटं वाळत घातली आहेत आणि माकडं राखायचं काम माझ्यावर सोपवलं आहे. "कारखान्यात चाळीस माणसां राखतंस, हंय दोन माकडां राख," असं म्हणून ती आत गेली. त्यामुळे एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात पेन.

तुला ऐकू येईनासं झालं तेव्हापासून आपला फोन सुटला आणि पत्रं सुरू झाली. क्षमा म्हणते, आई मोबाइलवर मेसेज वाचते की, मग पत्रं कशाला? पण मला हे बरं वाटतं. मी बोलायला लागलो की समोरचा माणूस मान डोलवायला लागतो, आणि तो मान डोलवायला लागला की मी आणखी बोलतो. देवळाच्या सभेत, वाचनालयाच्या व्याख्यानात, कामगारांपुढे, आजवर असंच चाललं. तू एकटी कधी डोलली नाहीस. ऐकू येत होतं तेव्हाही नाही.

बातमी अशी की मला आता हॉलचा इन्चार्ज केलं आहे. आमच्या मॅनेजरांनी, गुरुदासबाबनी, सगळ्यांसमोर जाहीर केलं. "ह्याचो आवाज म्हणजे आमची अर्धी मशिनरी," असं म्हणाले. लोक हसले, मीही हसलो.

त्याआधी पणजीला एका हॉटेलात आमच्यासारख्यांसाठी दिवसभराचं शिबिर झालं. बाहेरून आलेल्या एका बाईंनी विचारलं, कामाच्या ठिकाणी चांगला पुढारी कोणाला म्हणायचं? कोणी म्हणालं, वेळेवर येणारा. कोणी म्हणालं, सगळ्यांना सारखं वागवणारा. मी उभा राहिलो. मी उभा राहिलो की काय होतं ते तुला माहीतच आहे. मी म्हणालो, ज्याच्या मागे माणसं भीती विसरून चालतात तो. अन्याय, उपासमार, गुलामी, सगळ्या गोष्टींचं मूळ भीतीत आहे आणि जो ती उपटून काढतो तोच पुढारी, असं बरंच काही बोललो. टाळ्या पडल्या. जेवणाच्या वेळी दोघेतिघे माझा नंबर मागायला आले. ते वाक्य मला आवडतं. निदान काल-परवापर्यंत आवडत होतं.

आणि हे पद मला का मिळालं तेही सांगतो, कारण क्षमाने तुला अर्धंच सांगितलं असेल.

आमच्याकडे आंब्या-फणसाचा गर काढून, गोठवून बाहेर पाठवतात हे तुला ठाऊक आहे. गर काढायच्या हॉलच्या भिंतीला लागूनच यंत्रांची खोली आहे. तिथे अमोनियाच्या गॅसवर सगळं थंड होतं. एप्रिलच्या सुरुवातीला हॉलमध्ये वास यायला लागला. केस काळे करायच्या रंगाला येतो तसा, डोळ्यांत शिरणारा. एका सकाळी बायका सुऱ्या ठेवून बाहेर आल्या आणि कुंपणाजवळच्या सातविणीखाली जाऊन बसल्या. तिथे त्या जागेच्या राखणदाराचा पाषाण आहे, कारखाना नव्हता तेव्हापासूनचा. दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला त्याला रोट आणि नारळ देतात. गेल्या वर्षी नवी थंड खोली बांधली ती नेमकी पाषाणाकडे जायच्या वाटेवर, आणि यंदा घाईत रोट राहून गेला. बायकांनी आपसात ठरवून टाकलं होतं की हा वास त्याचा आहे, तो रागावला आहे.

गुरुदासबाब घामाघूम होऊन माझ्याकडे आले. "गौरेश, तू उलय त्यांच्याकडे. तू उलयलंस की कोण नाय म्हणूचो नाय."

मी नुसता बोललो नाही. मी गाऱ्हाणं घातलं. बाबांचे काका देवळात घालायचे ते आपण दोघांनी लहानपणी किती ऐकलं, त्यातला चढ-उतार माझ्या अंगात मुरलेला आहे. नारळ हातात घेतला आणि म्हणालो, "बा देवा, ह्या जाग्याच्या राखणदारा महाराजा. ही तुझी लेकरां आज तुझ्या दारात उभी आसत. चंदगडची आसत, बेळगावची आसत, डिचोलीची आसत. वाट अडली असात, रोट चुकलो असात, तर तो दोष ह्या गौरेशाच्या माथ्यार घे, आणि ह्यांच्या केसाक धक्को लागू दिऊ नको महाराजा." चाळीस तोंडांनी एकदम "व्हय महाराजा" म्हटलं. माझ्या स्वतःच्या अंगावर काटा आला.

सगळ्यात आधी अनुसया उठली. ती चंदगडकडची, पन्नाशीची, बायकांत तिचा शब्द चालतो. तिने पदराने डोळे पुसले आणि ती आत गेली. तिच्यामागे सगळ्या. त्याच दिवशी यंत्रं चालवणाऱ्या परशुरामने एक व्हॉल्व्ह घट्ट आवळला आणि वासही गेला.

क्षमाचं काम चांगलं चाललं आहे. भावोजी गेल्यानंतर ती ज्या जबाबदारीने वागते आहे ते पाहून मला अभिमान वाटतो. तिला मी गेल्या आठवड्यात आतल्या टेबलावरून काढून दाराजवळच्या वजनकाट्यावर बसवलं. तिथे वारा येतो.

आता एक छोटं काम. ह्या आठवड्यात तिला घरीच ठेव. फार उष्मा आहे, पोरगी काळवंडून गेली आहे. तुझ्या गुडघ्यालाही मदत होईल. रजेचं मी बघतो. ताप आहे म्हणून सांग. तिने कारण विचारलं तर माझं नाव घेऊ नकोस.

माकडं आली. थांबतो.

तुझा,
गौरेश


हळर्ण,
६ मे

ताईस नमस्कार.

तुझी चिठ्ठी मिळाली. क्षमाने डब्याच्या पिशवीतून आणली, तिला तुझ्या लोणच्याचा वास होता. दोन ओळी. "क्षमाला ताप नाही. तुला काय झालं आहे ते लिही."

हे पत्र क्षमाकडे देत नाही. आमच्याकडे क्रेट वाहणारा मंगेश तुमच्या सर्वणलाच खोली घेऊन राहतो, त्याच्याकडे देतो आहे. तो बोलतो फार, पण कुणाचं पत्र फोडणाऱ्यातला नाही.

मला भीती वाटते, ताई.

हे वाक्य लिहायला मला रविवारी तीन पानं पुरली नाहीत. आता लिहिलं आहे तर पुढचंही लिहितो.

वास परत आला आहे. गाऱ्हाण्यानंतर आठवडाभरातच आला. आधी सकाळी दार उघडताना, मग दुपारी, आता कधीही येतो आणि जातो. यंत्रांच्या खोलीतून एक जाड पाइप हॉलच्या छताखालून थंड खोलीकडे जातो. त्याच्यावर पांढरं आवरण आहे, ते एका ठिकाणी फुगलं आहे आणि खाली तांबूस पाणी ठिबकतं. मला यंत्रातलं कळत नाही. पण त्याच्याखालून जाताना मी पावलं भरभर उचलतो.

आणि कोणी काही बोलत नाही.

गाऱ्हाण्याआधी हेच लोक माझ्याकडे दिवसातून चारदा यायचे. गौरेशबाब, वास येता. दादा, डोळे झोंबतात. दादा, हिला मळमळतंय. मला कंटाळा यायचा. आता रोज सकाळच्या मीटिंगला मी स्वतः विचारतो, कोणाला काही त्रास? सगळ्या हसतमुखाने "नाही" म्हणतात. अगदी एका सुरात. शनिवारी अनुसया ओला पदर डोळ्यांवर दाबून बसली होती. मी विचारलं, काय झालं?

"काय न्हाई वो दादा. सकाळी कांदा कापलाव."

"अनुसयाबाई, खरं सांगा. वास येतो ना?"

ती माझ्याकडे असं पाहू लागली जसं मी काही अभद्र बोललो. मग हळू आवाजात म्हणाली, "दादा, तुमी त्याच्याकडं बोललाय न्हवं? आता परत वास वास म्हटलं तर त्याला काय वाटंल? आमचा इस्वास न्हाई असं वाटंल. मग तो राखंल व्हय आमाला?"

ताई, तुला समजलं का मी काय केलं आहे? राखणदारावर माझी श्रद्धा आहे, ती मी लाजून लपवणार नाही, आणि त्याच्याकडे मागणं मागितलं ह्यात मला काही चूक वाटत नाही. पण मी त्यांची भीती गोळा केली आणि पाषाणापुढे ठेवून मोकळा झालो. ती भीती त्यांचं नाक होती, त्यांचे डोळे होते. त्या भीतीने त्या उठून बाहेर आल्या होत्या. आता त्यांना बाहेर यायची चोरी झाली आहे. शिबिरात मी म्हणालो होतो, ज्याच्या मागे माणसं भीती विसरून चालतात तो पुढारी. विसरली. चाळीसच्या चाळीस विसरली, आणि ती सगळी भीती एकट्या माझ्याकडे आली.

भिंतीवर एक डबा आहे, गॅस वाढला की तो ओरडतो. बरेच दिवस तो गप्प आहे म्हणून परशुरामला विचारलं. म्हणाला, "सारखा वरडायचा दादा. वायर काढून ठेवलीया."

"कधी काढलीस?"

"तुमी नारळ दिलासा त्या दिवशी."

काल गुरुदासबाबकडे गेलो. ते वाईट नाहीत, तू त्यांना तसं समजू नकोस. यंत्र थांबलं तर थंड खोल्यांतला सगळा गर जाईल, आंब्याचा कंटेनर लागायचा आहे, तो गेला की दुरुस्तीची माणसं बोलावू, असं म्हणाले. मी म्हणालो, तोवर काही झालं तर? त्यावर त्यांनी विचारलं, "एकतरी बायल येऊन सांगता काय रे, वास येता म्हणून? एकीचा तरी नाव सांग, मी आताच्या आता मालकाक फोन करतंय."

माझ्याकडे एकही नाव नव्हतं.

आणि आता क्षमाची जागा. ती मी वाऱ्यासाठी बदलली नाही. आतल्या टेबलावर ती बसायची ते टेबल बरोबर त्या फुगलेल्या पाइपाखाली आहे. दाराजवळून बाहेर पडायला तिला दोन पावलं पुरतील, असा हिशेब करून मी तिला तिथे बसवलं. आणि तिच्या जागेवर अनुसयाला.

आज जेवणाच्या सुट्टीआधी वास एकदम आला. आजवर आला नव्हता असा. अनुसयाने गळ्याला हात लावला आणि ती बाजूच्या क्रेटवर बसली, बसली म्हणजे पडलीच. सगळ्या सुऱ्या थांबल्या. मी दारात उभा होतो. मला वाटलं, आता उठतील, आता धावत सुटतील, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं, की आता माझ्या हातात काही राहिलं नाही. पण कोणी उठलं नाही. सगळ्यांनी वळून माझ्या तोंडाकडे पाहिलं. घाबरायचं की नाही हे माझ्या तोंडावर वाचत होत्या.

आणि मी हसलो.

"काय नाय, उष्मा आसा. पाणी पाजा तिका," असं म्हणालो. मी ठरवून म्हणालो नाही, माझा आवाज आपोआप निघाला, नेहमीसारखा खणखणीत. सुऱ्या परत चालायला लागल्या. तो सुऱ्यांचा आवाज मला हे लिहितानाही ऐकू येतो आहे.

एकटी क्षमा उठली. मला वाटलं, बाहेर जाईल. ती माझ्या अंगावरून आत गेली, अनुसयाला धरून उठवलं, आणून दाराजवळ स्वतःच्या खुर्चीवर बसवलं, आणि आत जाऊन तिच्या जागेवर बसून आंबे कापायला लागली. पाइपाखाली. सुट्टी होईपर्यंत. थोड्या वेळाने वास विरला, पण मी दारात उभाच होतो. मला आत जाता येत नव्हतं आणि बाहेरही.

नंतर नळावर हात धुताना ती म्हणाली, "मामा, ती दाराजवळची जागा तू मला दिलीस, म्हणजे तुला तेव्हाच ठाऊक होतं."

मी नळ घट्ट बंद केला आणि हॉलकडे वळलो.

तू विचारशील, मग उठून "थांबा" का नाही म्हणत? मी स्वतःला तेच विचारतो आहे. नोकरीची भीती आहे, पण ती लहान आहे. मोठी भीती वेगळीच आहे. मी "थांबा" म्हणालो आणि काहीच झालं नाही तर? सगळा गर पाणी होऊन गेला आणि दुरुस्तीवाला येऊन म्हणाला की पाइप चांगला आहे, तर? त्याहून वाईट, त्या मला विचारतील की मग त्या दिवशी नारळ घेऊन काय सांगत होतास? माझ्यावरचा त्यांचा विश्वास उडेल. बघ, माणसं मरतील ह्या भीतीशेजारी मी ही भीती ठेवतो आहे, आणि दोन्हींचं वजन मला सारखंच लागतं आहे. एवढा कोता मी असेन असं मला वाटलं नव्हतं.

क्षमाला पाठवू नकोस. तिला मी सांगून ती ऐकणार नाही, तुझं ऐकेल. बाकीच्यांचं मी काहीतरी करतो. निदान तिला तरी पाठवू नकोस.

तुझा,
गौरेश


कारखान्याच्या आवारातून,
८ मे

ताईस,

क्षमा माझ्यासमोर बसली आहे आणि धडधाकट आहे, हे आधी लिहितो. बाकीचं मग सावकाश वाच. मांडीवर कागद ठेवून लिहितो आहे, अक्षर लागलं नाही तर तिला विचार.

तुझी चिठ्ठी तिने आज सकाळी गेटवर दिली. तू लिहिलंस, "ती येते आहे. तिला परत पाठवायचं असेल तर सगळ्यांच्या देखत परत पाठव. माझ्याकडे गुपचूप मागू नकोस." ते वाचून मला तुझा भयंकर राग आला. माझी भाची माझ्या हवाली करून तू घरी बसलीस, असं वाटलं. पोटच्या पोरीला कोणी असं पाठवतं का? मग लक्षात आलं की बाकीच्या सगळ्यांच्या आयांनी रोज हेच केलं आहे, फक्त त्यांना ठाऊक नव्हतं.

सकाळच्या मीटिंगला मी उभा राहिलो. आधी भाषणच केलं, दुसरं येतं काय मला? म्हणालो, मी घाबरलो आहे. ह्या भिंतीआड मरण आहे. आज कोणी आत जायचं नाही. ऐकून मंगेश फिदीफिदी हसला. "दादा, भ्यालेला माणूस असा बोलतोय व्हय? तुमी तर निवडणुकीला उभारल्यागत बोलतायसा." बायकाही हसल्या. त्यांना वाटलं, हा काहीतरी शिबिरातला खेळ आहे, सुरक्षेचा वगैरे. एकीने टाळी वाजवली. आणि त्या दाराकडे निघाल्या. टोप्या घातल्या, सुऱ्या घेतल्या, एकमेकींच्या मागे रांग लावली. मी ओरडलो, "ऐका माझं." त्या मान डोलवत आत निघाल्या होत्या.

क्षमा रांगेत शेवटी होती. ती मुद्दामच शेवटी राहिली असणार, ते मला आता कळतं आहे. मी गेलो आणि तिचा दंड धरला. माझा आवाज बसला होता, ओरडून की कशाने ते ठाऊक नाही. पुटपुटल्यासारखं म्हणालो, "तू आत जायचं नाही. घरी जा."

पुढे अनुसया उभी होती. ती थांबली. "तिला का वो?"

"गॅस गळतो आहे."

"मग तिलाच का?"

"ती माझी भाची आहे."

रांग थांबली. अनुसया मागे वळून आली आणि माझ्या अगदी समोर उभी राहिली. रागावली नव्हती. तिने नुसतं विचारलं, "आणि आमी कुणाच्या हाय?"

मी क्षमाचा दंड तसाच धरून उभा राहिलो आणि म्हणालो, "तुम्हीही जायचं नाही. कोणीच जायचं नाही."

"मग त्या दिवशी नारळ देऊन काय सांगितलंसा?"

"त्याच्याकडे मागितलं, आणि माझं काम करायचं राहिलं."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. परवा पाहिलं होतं तसंच, वाचायला. ह्या वेळी तिथे काय होतं ते मला दिसणं शक्य नव्हतं, पण तिने सुरी पायरीवर ठेवली. टोपी काढली. "चला ग," म्हणाली, आणि सगळ्या बाहेर आल्या. मंगेश हसायचा थांबला होता.

मग परशुराम दिसला, यंत्रांच्या खोलीच्या दारात. म्हणाला, "यंत्र बंद करून व्हॉल्व्ह फिरवाय पायजेत दादा. तसंच सोडून चालायचं न्हाई." बाकीच्यांना बाहेर काढणं सोपं होतं, कुणाला तरी आत जावंच लागणार हे मी विसरलो होतो. त्याला एकट्याला जा म्हणायला मला तोंड नव्हतं. कपाटातले तोंडावर चढवायचे मुखवटे काढले, एकाचा पट्टा कुजलेला होता, तो मी सुतळीने बांधून घेतला. मला आत काही करता येत नव्हतं. मी फक्त शिडी धरली. परशुराम वरून म्हणाला, "दादा, शिडी हलवू नका." त्या फुगलेल्या ठिकाणाजवळचा व्हॉल्व्ह फिरवताना त्याचा कोपर आवरणाला लागला आणि ते ओल्या पावासारखं सुटून खाली आलं. आतला पाइप तांबडा झाला होता, पापुद्रे सुटलेला, आणि एका जागेवरून बारीक, सतत, सुईतून निघावी तशी शिट्टी येत होती. परशुराम क्षणभर हललाच नाही. मग त्याने व्हॉल्व्ह फिरवला. शिट्टी बारीक होत होत थांबली. आम्ही दोघे बाहेर येऊन गवतावर बसलो आणि तो लहान मुलासारखा उचक्या देत राहिला.

दुरुस्तीवाला दुपारी आला. म्हणाला, एखादा क्रेटचा धक्का लागला असता तरी पाइप फुटला असता. गुरुदासबाब ऐकत होते. त्यांनी माझ्या गळ्यातलं ओळखपत्र मागून घेतलं. "सगळ्या रसाचा पाणी केलंस मरे," एवढंच म्हणाले, आणि वळून गाडीत जाऊन बसले. गाडी मात्र अजून सुरू केलेली नाही. तिथेच बसले आहेत, काच वर करून. मालकांना काय सांगायचं ते ठरवत असतील. उद्या ते दुसरा इन्चार्ज आणतील, पाइपावर पट्टी मारतील आणि यंत्र सुरू करतील, अशी मला भीती आहे. त्यासाठी तालुक्याला अर्ज करायचा, कुठे कुठे जाऊन उभं राहायचं, ते बघू.

पण हे पत्र मी वेगळ्या गोष्टीसाठी लिहितो आहे.

कोणी घरी गेलेलं नाही. सगळ्या सावलीत बसल्या आहेत, कोणी डबे उघडले आहेत. मघाशी अनुसया माझ्याजवळ येऊन बसली आणि काही न विचारता सांगायला लागली. सकाळी उठलं की डोळे उघडत नाहीत, कोमट पाण्याने सोडवावे लागतात. किती दिवस? गाऱ्हाण्याच्या आधीपासून. तिचं संपलं तशी दुसरी सरकून आली. तिला भाताची चव लागत नाही. तिसरी, बेळगावची, विशीतली पोर, संडासात दोनदा चक्कर येऊन पडली होती, कपाळावरची खोक तिने टिकलीने झाकली होती. मी विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, "तुमी एवढं मनापासून बोलला होता. तुमाला वाईट वाटलं असतं."

ताई, मी आता जेवढा घाबरलो आहे तेवढा शिडीखालीही नव्हतो. एकेकीचं ऐकतो आणि वाटतं, बस, पुरे, हे मला ऐकायचं नाही. ह्यातलं किती बरं होणार आहे, किती नाही, मला ठाऊक नाही. डॉक्टरांकडे सगळ्यांना न्यायचं आहे, ते क्षमा बघते आहे. मधूनमधून माझ्या तोंडाशी धीराचं काहीतरी येतं, चांगलं, गोळीबंद, ऐकून त्यांना बरं वाटेल असं. ते मी गिळतो. एकदा गिळता आलं नाही, तेव्हा क्षमाने माझ्याकडे नुसतं पाहिलं. तुझ्यासारखी बघते ती.

अजून बऱ्याच जणी सांगायच्या राहिल्या आहेत. एक आताच समोर येऊन बसली आहे आणि मी लिहिणं कधी थांबवतो ह्याची वाट बघते आहे. तिला ताटकळत ठेवत नाही.

भ्यालेला, आणि ऐकत बसलेला,
गौरेश